पासवर्डबाईंनी पुढे पाठवलेलं

शाळेतली मुलं ग्रंथालयाच्या बाईंना पासवर्डबाई म्हणायची आणि बाईंना ते मनातून फार आवडायचं. तोंडावर कुणी म्हटलं तर त्या डोळे वटारायच्या, पण घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायच्या, "आज जिन्यात एक पोरगं दुसऱ्याला म्हणत होतं, पळ, पासवर्डबाई आल्या!" आणि स्वतःच हसत सुटायच्या.

त्याआधी कितीतरी वर्षं त्यांना टोपणनावच नव्हतं. पुस्तकांवर शिक्के मारायचे, निखळलेली पानं चिकटवायची, खेळाच्या तासाला पाय मुरगळलेल्या मुलांना बसायला खुर्ची द्यायची, एवढंच त्यांचं काम. चिडवण्यासाठीसुद्धा नाव ठेवावं इतकं कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मग वरून आदेश आला की मधल्या वर्गांना आठवड्यातून एक तास मोबाईल आणि इंटरनेटवर कसं वागावं ते शिकवायचं. विज्ञानाच्या सरांनी वेळ नाही म्हणून हात वर केले. गणिताच्या मॅडमनी तर ऐकूनच घेतलं नाही. शेवटी हेडसरांची नजर फिरत फिरत ग्रंथालयाच्या दारावर थांबली.

"बाई, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना?"

होता. सुरू केला की आजारी माणसासारखा घरघरायचा, पण होता. अशा रीतीने तो तास बाईंच्या गळ्यात पडला.

आणि पडला तो असा पडला की बाईंना नवं आयुष्यच मिळालं. भाच्याला फोन करकरून त्यांनी नाना गोष्टी विचारून घेतल्या. पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना विचारलं, "स्वतःचं नाव हाच पासवर्ड असलेले किती जण?" अर्धा वर्ग हात वर. एकाने मांजराचं नाव ठेवलं होतं आणि ते त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना सांगूनही टाकलं. मग फोटोंचा धडा. बाई सरळ एका मुलाच्या बाकाजवळ गेल्या, न विचारता त्याचं दप्तर उघडलं आणि आतल्या वस्तू बाकावर मांडायला लागल्या. कंपासपेटी, अर्धं खाल्लेलं बिस्कीट, चुरगळलेला मोजा. वर्ग खिदळला, पोरगं लालबुंद झालं. बाई म्हणाल्या, "कसं वाटलं? दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवणं म्हणजे हेच. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." मग सगळं नीट परत भरून त्यांनी त्या मुलाची माफी मागितली. तो धडा इतका गाजला की पालक विचारायला येऊ लागले. आमची मुलगी फोन घेऊन न्हाणीघरात बसते, काय करू? मुलाच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडलंय, कुणाकडे जाऊ? आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी बाईंना पुस्तकांखेरीज काही विचारत होतं. बाईंची मान जरा ताठ झाली, चालण्यात ऐट आली. त्यात वावगं असं काही नव्हतं.

सहावीच्या वर्गात एक उंच, शेलाटी मुलगी होती. तिला सगळे वकील म्हणायचे, कारण ती कुठलंही वाक्य "कारण" घातल्याशिवाय बोलायची नाही. तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे भिंगरी. जेमतेम तिच्या खांद्याला लागणारी आणि एका जागी न ठरणारी. दोघी जोडीने यायच्या, जोडीने जायच्या आणि पुस्तकसुद्धा दोघींत मिळून एकच घ्यायच्या.

पालकांच्या मेळाव्यात दाखवायला मुलांची छोटी भाषणं टिपायची ठरली. ग्रंथालयातल्या दोन कपाटांच्या मध्ये बाईंनी एक जुना पडदा लावला. शाळेचा टॅब धरायचं काम भिंगरीकडे दिलं, कारण एरवी थुईथुई नाचणारी ही पोर टॅब हातात आला की पुतळ्यासारखी उभी राहायची. मुलं एकेक करून आत येत होती, बोलून जात होती. वकिलाची पाळी आली. तिने वेण्या मागे टाकल्या, घसा साफ केला आणि सुरू केलं.

"पासवर्ड कोणालाही सांगू नये. कारण पासवर्ड म्हणजे आपल्या घराची किल्ली असते. आमच्या घरी बाबा आईला म्हणतात, पासवर्ड सांग. आई सांगत नाही. मग बाबा रागावून बाहेरच्या खोलीत झोपतात. मग आई रडते, पण तरीही सांगत नाही. म्हणून माझी आई चांगली डिजिटल नागरिक आहे."

भिंगरी फिस्सकन हसली. बाईंनी ओठ चावून हसू दाबलं. "छान बोललीस गं. पण घरातलं नको सांगूस. पुन्हा एकदा घेऊ."

"का बाई? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच नको."

वकिलाने जरा विचार केला. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "आधीचं काढून टाकाल ना?"

"हो गं, काढते. चल, बोल आता."

दुसऱ्यांदा ती पाठ केल्यासारखं, बिनचूक आणि अगदी बेचव बोलली. तेच मेळाव्यात दाखवलं गेलं.

पहिलं बाईंनी काढून टाकलं, ते खरं. पण काढण्याआधी त्यांनी ते स्वतःच्या फोनवर घेतलं. मनात काही काळंबेरं नव्हतं. नवऱ्याला दाखवायचं होतं, एवढंच. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकून बसलेला माणूस, त्याला हसवणं सोपं नव्हतं. तो इतका हसला की डोळ्यावरचं भिंग निसटून मांडीवर पडलं. मग बाईंना ताईची आठवण झाली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून पलंगाला खिळलेली आणि फोनवर नुसती कुरकुरणारी. तिघी बहिणींचा एक ग्रुप होता. बाईंनी व्हिडिओ तिथे टाकला आणि खाली लिहिलं, "ही आमच्या वर्गातली वकील. ऐक ताई, दुखणं विसरशील. पण पुढे कुणाला पाठवू नका हं." ताईचं लगेच उत्तर आलं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांगच. धाकटीनेही तेच केलं. बाई समाधानाने स्वयंपाकाला लागल्या.

नंतरचे काही दिवस काहीच झालं नाही. मग एकदा मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतून हास्याचा फवारा ऐकू आला. बाई चहाचा कप घेऊन आत गेल्या, तर सगळे खेळाच्या सरांच्या फोनभोवती गोळा झालेले.

"अहो बाई, या! ही आपल्याच शाळेतली ना? मागे तुमचं कपाट दिसतंय बघा."

व्हिडिओला कुणीतरी मागून ढोलकीचे ठेके लावले होते. "मग बाबा बाहेरच्या खोलीत झोपतात" हे वाक्य तीनतीनदा वाजत होतं आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, "बाबांची झोप उडाली". सरांना तो त्यांच्या मेव्हण्याकडून आला होता, मेव्हण्याला त्याच्या ऑफिसातून.

बाईंच्या मनात त्या क्षणी काय आलं ते त्यांनी पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही. पहिला विचार भीतीचा नव्हताच. आपल्या वर्गातली पोर, आपण शिकवलेलं वाक्य, इतक्या लोकांनी ऐकलं, म्हणून क्षणभर काहीतरी गोड वाटून गेलं होतं. अगदी क्षणभरच. मग भीती आली. कप तसाच ठेवून त्या बाहेर पडल्या. पण तो गोड क्षण येऊन गेला होता, आणि पुढे सगळ्यात जास्त तोच बोचत राहिला.

ग्रंथालयात येऊन त्यांनी दार लोटलं आणि ताईला फोन लावला.

"मी कुठे पाठवला? फक्त माझ्या जावेला पाठवला," ताई म्हणाली. "तिने शिवणाच्या क्लासमध्ये टाकला असेल. अगं, एवढं काय त्यात? किती गोड बोललीये पोरगी!"

"ताई, मी लिहिलं होतं ना, पुढे पाठवू नका?"

"तू मला का पाठवलास मग?" ताई म्हणाली. ती भांडायला म्हणून बोलली नव्हती, सहज बोलली.

दुसऱ्या दिवशी वकिलाची आई शाळेत आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काचेच्या खिडकीमागे बसून लोकांना रिपोर्ट द्यायची. ती आवाज चढवून बोलली नाही. हेडसरांच्या टेबलाची कड धरून उभी होती, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"खिडकीपाशी येतात आणि हसत विचारतात, रिपोर्ट मिळायला पासवर्ड लागतो का? माझे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करतात. ज्या इमारतीत जातात तिथला वॉचमन व्हिडिओ लावूनच बसलेला असतो. एका ठिकाणचं काम त्यांनी सोडून दिलं. आणि मुलगी..." ती थांबली. "मुलगी आमच्याशी बोलत नाही. तिला वाटतं तिने आमचं काहीतरी मोडलं. हे टिपलं कुणी, बाहेर पाठवलं कुणी, एवढंच मला सांगा."

हेडसर गंभीर झाले. हा माणूस मनाने वाईट नव्हता, पण शाळेच्या नावाला जिवापाड जपायचा. त्यांनी बाईंकडे हात केला. "यातलं आमच्या या बाईंइतकं कुणालाच कळत नाही. त्याच छडा लावतील."

आईने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत आशा होती. बाई तेव्हा बोलू शकल्या असत्या. तोंड उघडलंही होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "बघते मी," त्या म्हणाल्या.

मग चौकशीचं नाटक झालं. मुलं एकेक करून ग्रंथालयात आली. मी नाही, बाई. मला तर माझ्या आत्याने दाखवला. भिंगरी आली, पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली. "मी कशी पाठवणार, बाई? झाल्या झाल्या टॅब तुम्हीच घेतला ना माझ्याकडून?" बाई तिच्या डोळ्यांत बघू शकल्या नाहीत. "बरं, जा," म्हणाल्या.

संध्याकाळी हेडसरांनी विचारलं, "टॅब कुणाच्या हातात होता?"

"भिंगरीच्या."

यात खोटं काहीच नव्हतं. बाईंनी खोटा शब्द उच्चारलाच नाही. खरं तेवढंच सांगितलं आणि बाकीचं गिळलं. हेडसरांनी पुढचं स्वतःच जुळवून घेतलं. त्यांना एक उत्तर हवं होतं आणि ते सापडलं होतं. भिंगरीने शाळेच्या टॅबला हात लावायचा नाही आणि वर्गासमोर माफी मागायची, असं ठरलं. बाई म्हणाल्या, "सर, लहान आहे ती, नक्की नाही ना आपल्याला..." हेडसर म्हणाले, "लहान आहे म्हणूनच एवढ्यावर सोडतोय." आणि बाई गप्प बसल्या.

माफीच्या दिवशी बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. त्यांचाच तास होता, हेडसरही येऊन थांबले होते. भिंगरी पुढे आली, दोन्ही हात मागे बांधून म्हणाली, "मी पाठवला नाही. पण सॉरी."

वर्गात कुजबूज झाली. हेडसर म्हणाले, "पुन्हा म्हण. पहिलं वाक्य नको."

भिंगरीने बाईंकडे पाहिलं. कशासाठी पाहिलं कोण जाणे. मोठ्या माणसांपैकी एकीला तरी खरं माहीत असेल, असं मुलांना वाटतं, तसं असेल. बाईंनी खडू उचलला आणि पुन्हा ठेवला.

"सॉरी," भिंगरी म्हणाली.

वकील खिडकीबाहेर बघत होती. तिने मान वळवलीच नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी वेगवेगळ्या फाटकांतून गेल्या.

दोन दिवसांनी घरी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. घड्याळवाल्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. "हसलो तर मीही होतो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पण आता मिटलंय ना? लोक विसरतील. उद्या दुसरं काहीतरी येईल."

"लोक विसरतील हो. पण काल भिंगरी ग्रंथालयात आली, टॅब टेबलावर होता, तर ती त्याच्याजवळून हात पाठीमागे घेऊन गेली. चुकूनसुद्धा लागू नये म्हणून."

नवऱ्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

तरीही त्या लगेच बोलल्या नाहीत, हे सांगायला हवं. अंगात ताप असल्यासारख्या त्या वावरत राहिल्या. आज बोलू, तास झाल्यावर बोलू, हेडसर मोकळे झाले की बोलू. अशात एकदा मधल्या सुट्टीत वकील एकटीच ग्रंथालयात आली. कपाटाशी उभी राहिली, पुस्तक काढलं नाही.

"बाई, तुम्ही आधीचं काढून टाकलं होतं ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग भिंगरीला कसं मिळालं? कारण टॅब तर तुमच्या कपाटात असतो. आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते. म्हणजे तिने नसेलच पाठवला." तिने कपाटाकडे तोंड फिरवलं. "मी तिला घर फोडणारी म्हटलं, बाई. सगळ्यांसमोर. आता ती माझ्याशी बोलणार नाही."

पोरीने सगळा हिशोब बरोबर मांडला होता, फक्त शेवटची पायरी तिला दिसत नव्हती. दिसत नव्हती, कारण तिथे बाई उभ्या होत्या आणि बाईंबद्दल तिच्या मनात तसली शंका येणं शक्यच नव्हतं. बाईंना वाटलं, हिने संशय घेतला असता तर बरं झालं असतं. या विश्वासापुढे त्यांना मान वर करवेना.

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, वकील डोळे पुसत वर्गात गेली आणि बाई तडक हेडसरांच्या खोलीत गेल्या. उभ्या उभ्याच बोलल्या. "सर, तो व्हिडिओ मी पाठवला. माझ्या बहिणींना. तिथून तो बाहेर गेला. भिंगरीचा त्यात काही संबंध नाही आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

हेडसर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग उठून त्यांनी दार लावलं.

"बसा, बाई. हे आता या खोलीतच राहू दे. भिंगरीचं मी बघतो. शाळेच्या कार्यक्रमात तिला एखादं बक्षीस देऊ, मन राखू तिचं."

"तिला बक्षीस नकोय, सर. तिचं पहिलं वाक्य तिला परत हवंय."

"आणि तुमच्या तासाचं काय? पालक म्हणतील, शिकवणारीच अशी."

"म्हणतील. चुकीचं काय आहे त्यात?"

हेडसरांनी पुष्कळ समजावलं. पण बाईंचं ठरलं होतं. शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात. लपवण्याची ताकदच संपली होती.

पुढच्या तासाला त्या सहावीत गेल्या. हजेरी घेतली नाही, फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. भाषण तयार करून आल्या होत्या, ते पहिल्या दोन वाक्यांतच विस्कटलं. मग मुलांनी विचारायला सुरुवात केली. मुलं अशा वेळी भीड ठेवत नाहीत.

"बाई, तुम्ही वकिलाला विचारलं होतं?"

"नाही."

"मग आम्हाला का सांगायचात विचारा म्हणून?"

"कारण ते बरोबर आहे. मीच तसं वागले नाही."

"तुमच्या बहिणीने का पाठवला पुढे?"

"तिचं नाव नको. सुरुवात माझी आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "भिंगरीने सॉरी म्हटलं, तेव्हा तुम्ही इथेच होता ना?"

"होते."

बाई भिंगरीच्या बाकापाशी गेल्या. "तू पाठवला नव्हतास. तू खरं बोललीस आणि मी तुला खोटं ठरू दिलं. मला माफ कर, असं मी म्हणणार नाही, ते तुझ्या मनावर आहे. पण सगळ्यांना कळू दे." भिंगरी बाकावरचा एक ओरखडा नखाने कोरत राहिली. तिने वर पाहिलं नाही.

वकील मात्र बघत होती. सबंध तासभर तिने बाईंवरून नजर काढली नाही आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण जिने चढून कुणाच्या तरी घरी गेलो आणि तिथे वेगळीच माणसं राहत असावीत, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

त्याच संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या. जुनी, चार मजली इमारत, लिफ्ट नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्याच घरी लिफ्ट नाही, यावरचे विनोद त्या माणसाने आयुष्यभर ऐकले असणार. दार त्यानेच उघडलं. बाई दम लागलेला असतानाच बोलल्या, कारण थांबल्या असत्या तर बोलणं झालं नसतं.

त्याने ऐकून घेतलं. हातांना ग्रीस लागलेलं होतं, ते तो फडक्याने पुसत राहिला, पुसून झाल्यावरही. "मॅडम, लोकांना वाटतं मी बायकोवर पाळत ठेवतो," तो म्हणाला. "मी काय सांगत बसू सगळ्यांना? प्रत्येक मजल्यावर उतरून?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे, खरं काय झालं होतं ते..."

"मॅडम." आई आतून आली होती. "ते आमच्या तिघांचं आहे."

बाईंचे कान तापले. इतकं होऊनही आपल्याला अजून ते जाणून घ्यायचंच होतं. माफी मागायला आलेल्या बाईंनी पुन्हा एकदा दुसऱ्याच्या दप्तरात हात घातला होता.

वकील दाराच्या चौकटीत उभी होती. तिने एकच विचारलं. "बाई, तुम्ही तो बघताना हसला होता?"

"हो."

"माझ्यावर?"

बाईंना सांगता आलं असतं की तुझ्यावर नाही गं, तुझ्या निरागसपणावर, कौतुकाने. मोठी माणसं असंच सांगतात. त्या म्हणाल्या, "हो. तुझ्यावर."

मुलीने मान हलवली आणि ती आत गेली. कुणी बाईंना चहा विचारला नाही. आई मात्र जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "तिच्या मैत्रिणीला सांगितलंत, ते बरं केलंत. त्याची फार काळजी होती मला." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. पालकांची बैठक झाली, बोलायचं ते बोललं गेलं, आणि तो तास बाईंकडून काढून घेतला. नव्याने आलेल्या एका तरुण मॅडमकडे तो गेला. बाईंनी ताईकडून तिच्या जावेचा नंबर घेतला, जावेकडून शिवणाच्या क्लासच्या बाईंचा, आणि रोज शाळा सुटल्यावर एकेकाला फोन करून व्हिडिओ काढून टाकायची विनंती करत बसल्या. बहुतेक लोक "हो हो" म्हणायचे. काही हसायचे. एकजण म्हणाला, "कोणता हो? असे रोज येतात." थोड्याच दिवसांत त्यांना कळलं की हे ओंजळीने पाणी उपसणं आहे, पण जेवढे नंबर मिळाले तेवढे त्यांनी लावलेच. ताई रुसली. "माझ्या सासरच्या माणसांत माझी शोभा केलीस," म्हणाली, आणि पुष्कळ दिवस तिचा फोन आला नाही.

शाळेत मुलं आता त्यांना नुसतं "ग्रंथालयाच्या बाई" म्हणत. जुनं नाव कुणी घेत नसे, चिडवायलासुद्धा नाही. जिन्यात पोरं त्यांना वाट द्यायची आणि त्या गेल्यावर मग बोलायला लागायची. बाईंनी त्याबद्दल घरी कधी सांगितलं नाही.

तरुण मॅडम एकदा शिकवण्याचं साहित्य मागायला आल्या. बाईंनी दिलं. जाताना त्या अवघडून म्हणाल्या, "मुलांना उदाहरण म्हणून तुमचं सांगू का? नाव न घेता." बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. "माझं सांगा, नाव घेऊन सांगा," त्या म्हणाल्या. "पण त्या दोघींचं नको. सांगण्याआधी त्यांना विचारा." दोघींनी नको म्हटलं. मग ते उदाहरण वर्गात सांगितलं गेलं नाही.

वकील आणि भिंगरी पुन्हा बोलायला लागल्या, पण पहिल्यासारख्या नाही. मध्ये कितीतरी दिवस त्या एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागायच्या, खूप जपून. वकील ग्रंथालयात यायची, पुस्तक पुढे करायची, शिक्का मारून घ्यायची. "बाई" एवढंच म्हणायची, पुढे काही नाही. भिंगरी सबंध वर्षभर आलीच नाही.

ती आली वर्ष संपताना. शाळा सोडून जाणाऱ्या एका चुलत भावाची पुस्तकं परत द्यायची होती. तिने पुस्तकं टेबलावर ठेवली आणि निघाली नाही. पायाने जमिनीवर काहीतरी गिरवत राहिली.

"बाई, मला तुमचा राग अजून आहे," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या.

"पण रोज येत नाही. आधी रोज यायचा."

बाईंचे डोळे भरून आले, तर त्यांनी पुस्तकांकडे बघितलं. या पोरीसमोर रडायचं नाही एवढं त्यांना कळत होतं. रडलं की तिलाच आपली समजूत काढावी लागेल.

"यातलं एक पान फाटलंय," भिंगरी म्हणाली. "मी नाही फाडलं. आधीपासूनच होतं."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "तू नाही फाडलंस."

भिंगरीने एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि धावतच बाहेर गेली. बाईंनी डिंकाची बाटली काढली.